आत जाणारा कण, बाहेर येण्याची वाट

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅन अँटोनियोच्या सेनो मेडिकल कंपनीच्या ‘इमॅजिओ’ या यंत्राला मान्यता दिली. स्तनातल्या संशयास्पद गाठीची सोनोग्राफी करतानाच त्या गाठीवर लेझरचे क्षणिक झोत टाकायचे, त्यातून उमटणारा ध्वनी टिपायचा आणि गाठीतल्या रक्ताचा अंदाज घ्यायचा, असे त्याचे काम. फोटोअकूस्टिक इमेजिंग प्रयोगशाळेची पायरी उतरून दवाखान्यात आल्याची ही ठळक खूण होती. या यंत्रासाठी रुग्णाला कोणतेही कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारे द्रव्य, टोचावे लागत नाही, ही गोष्ट मात्र चर्चेत मागे राहिली. दुसरीकडे, याच क्षेत्रातल्या संशोधकांचे मोठे श्रम गेली वीस वर्षे नवनवे कॉन्ट्रास्ट घडवण्यात खर्ची पडत आहेत. सोन्याच्या सूक्ष्म कांड्या, कार्बनच्या नळ्या, अर्धवाहक पॉलिमरचे कण अशी ही यादी लांबत चालली आहे. त्यांतले रोजच्या तपासणीत पोचलेले जवळपास काही नाही.

ही दरी पाहून दोन सरळ निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही जाणकार माणसे काढतात. एक म्हणजे नवे कॉन्ट्रास्ट हा प्रयोगशाळेचा छंद झाला आहे. आहे त्या रंगद्रव्यांवर आणि शरीराच्या स्वतःच्या रंगांवर काम करा. दुसरा म्हणजे नियामक फार सावध आहेत आणि त्या सावधपणाची किंमत रुग्ण मोजत आहेत. आमचा कल पहिल्या बाजूकडे आहे. तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही, म्हणून ते पूर्ण मांडल्याशिवाय या कलाचे समर्थन करणे योग्य नव्हे.

तंत्राचा गाभा जुना आहे. प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवण्याच्या खटपटीत असताना १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या लक्षात आले की सूर्यप्रकाश झपाझप अडवत-सोडत पदार्थावर टाकला, तर पदार्थच आवाज करू लागतो. आज सूर्याच्या जागी लेझर आहे. काही नॅनोसेकंद टिकणारा झोत त्वचेतून आत जातो. रक्तातले हिमोग्लोबिन किंवा आणखी कुठला शोषक तो प्रकाश गिळतो. तिथले तापमान अंशाच्या काही हजारांश भागाने वाढते, तेवढी जागा किंचित फुगते आणि त्या धक्क्यातून अल्ट्रासाउंडची लहर निघते. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. म्हणजे एक सेंटिमीटर खोलीवर जन्मलेली लहर साधारण साडेसहा मायक्रोसेकंदांत त्वचेवरच्या प्रोबला भेटते, आणि या उशिरावरून खोली कळते. ऊतींमध्ये प्रकाश फार विखुरतो, म्हणून निव्वळ प्रकाशाने घेतलेले चित्र मिलिमीटरभरानंतर धूसर होते. ध्वनी तेवढा विखुरत नाही, त्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत चित्र रेखीव राहते. लिहाँग वांग यांच्या संशोधक गटाने २००३ मध्ये त्वचा आणि कवटी न उघडता उंदराच्या मेंदूतला रक्तप्रवाह याच रीतीने दाखवला आणि या क्षेत्राकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

प्रकाश कोणता वापरायचा, हे शरीरच ठरवते. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर तळवा ठेवला की तो लाल दिसतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तात अडकतो आणि लाल पलीकडे येतो. लालच्या पुढे, सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाशाला तुलनेने कमी अडवतात. ही पहिली निअर-इन्फ्रारेड खिडकी. १००० ते १७०० नॅनोमीटरची दुसरी खिडकी अलीकडे अधिक चर्चेत आहे, कारण तिथे विखुरणे आणखी कमी होते आणि १०६४ नॅनोमीटरला स्वस्त, भरवशाचे लेझर मिळतात. सुरक्षिततेची मर्यादाही तिथे सैल आहे. दृश्य प्रकाशाला त्वचेवर चौरस सेंटिमीटरमागे २० मिलिज्यूलची मुभा आहे, तर १०६४ ला १०० मिलिज्यूलची. मात्र या खिडकीच्या पलीकडच्या टोकाकडे पाणीच प्रकाश पिऊ लागते, आणि रक्ताचा स्वतःचा आवाज एवढा क्षीण होतो की बाहेरून काही घातल्याशिवाय बघण्याजोगे थोडेच उरते. दुसऱ्या खिडकीची आवड आणि नव्या कॉन्ट्रास्टची आवड एकत्र वाढली, त्यामागे हे कारण आहे.

आता काहीही न टोचण्याची बाजू. शरीरात रंग आधीच आहेत. ऑक्सिजन घेतलेले आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन वेगवेगळ्या लांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. ८०० नॅनोमीटरच्या आसपास दोघांचे शोषण सारखे होते आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजले की दोघांचे प्रमाण निघते. इमॅजिओ ७५७ आणि १०६४ या दोन लांबींवर हेच करते. डॉक्टरच्या हातात नेहमीच्या सोनोग्राफीसारखा प्रोब असतो, त्वचेवर तोच जेल असतो. फरक एवढाच की खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतो आणि पडद्यावरच्या करड्या चित्रावर लाल आणि हिरवे ठिपके उमटतात. हिरवे म्हणजे ऑक्सिजन भरपूर असलेले रक्त, लाल म्हणजे ऑक्सिजन ओरबाडून घेतलेले. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या आणि ऑक्सिजनची ओढ दोन्ही असतात, त्यामुळे लाल ठिपके संशय वाढवतात.

हे काम केवळ स्तनापुरते नाही. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी क्रोन्स आजारात आतड्याच्या भिंतीतले रक्त पोटावरूनच मोजून दाह किती आहे ते दाखवले; तो अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी ड्युशेन या स्नायूंच्या आजारात लहान मुलांच्या स्नायूंमध्ये साचणारे कोलॅजन याच तंत्राने टिपले. ज्या मुलाच्या दंडातून पुन्हा पुन्हा स्नायूचा तुकडा काढावा लागला असता, त्याच्या दंडावर जेल लावून प्रोब टेकवणे पुरेसे ठरू शकते, ही साधी बाब नाही. यातल्या कशासाठीही सुई लागली नाही.

तथापि शरीराच्या रंगांना मर्यादा आहेत आणि त्या इमॅजिओच्याच आकड्यांत दिसतात. मान्यतेआधीच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दोन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. साध्या सोनोग्राफीने निरुपद्रवी गाठींपैकी २८.१ टक्के गाठी बरोबर ओळखल्या. लेझरची जोड दिल्यावर ४३.० टक्के. म्हणजे निरुपद्रवी गाठ असलेल्या शंभर स्त्रियांपैकी आणखी पंधराजणींची बायोप्सीची सुई आणि त्याआधीची ती आठवड्याभराची घालमेल वाचू शकते. त्याच चाचणीत कर्करोग ओळखण्याचे प्रमाण मात्र ९८.६ वरून ९६.० टक्क्यांवर आले. कर्करोग असलेल्या शंभरजणींमागे दोन-तीन अधिक निसटल्या. हा सौदा मान्य करावा की नाही, यावर समंजस माणसांचे मतभेद होतील. ज्या देशात बायोप्सी सहज मिळते तिथे कदाचित करू नये. जिथे बायोप्सीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते तिथे उत्तर वेगळे येऊ शकते. पण एक गोष्ट उघड आहे. रक्त हे कर्करोगाचे अप्रत्यक्ष चिन्ह आहे. दाह झालेल्या निरुपद्रवी गाठीतही रक्त वाढते, आणि संथ कर्करोगात ते फारसे वाढत नाही.

इथे नव्या कॉन्ट्रास्टची बाजू सुरू होते, आणि ती तिच्या उत्तम रूपात ऐकली पाहिजे. कर्करोगाच्या पेशीच्या पृष्ठभागावर जे प्रथिन असते त्यालाच चिकटणारा, आणि चिकटल्यावर लेझरला मोठ्याने उत्तर देणारा कण बनवता आला, तर रक्तावरून तर्क करण्याची गरजच उरत नाही. अंबाल्यात जन्मलेले आणि २०२० मध्ये निधन पावलेले संजीव गंभीर यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये नेमके हे करून दाखवले. कार्बनच्या एकपदरी नळ्यांना ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांना चिकटणारा पेप्टाइड जोडून त्यांनी त्या उंदरांना टोचल्या आणि फोटोअकूस्टिक चित्रात ट्यूमर उजळून निघाला. २०१४ मध्ये तिथेच अर्धवाहक पॉलिमरचे कण पुढे आले. त्यांत जड धातू नाही आणि लेझरखाली ते सहज विटत नाहीत. सोन्याची कांडी साधारण ४० नॅनोमीटर लांब आणि १० नॅनोमीटर जाड असते. अशी एक कांडी रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारो पट प्रकाश शोषते. शिवाय तिच्या अंगावर पेशी ओळखणारे अनेक हात बसवता येतात, आणि कांडीची लांबी-जाडी बदलून ती कोणत्या रंगाला उत्तर देईल तेही ठरवता येते. रंगद्रव्याच्या लहानशा रेणूला एवढे ओझे पेलत नाही.

आणखी पुढे, तोच कण जास्त प्रकाशाखाली तापवून ट्यूमर जाळता येतो. सिलिकावर सोन्याचे कवच चढवलेल्या कणांनी प्रोस्टेटचा कर्करोग जाळण्याच्या एका छोट्या मानवी चाचणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. माणसाच्या शिरेत असे कण देणे ही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. या बाजूचे लोक आणखी एक प्रश्न विचारतात. एखाद्या स्त्रीची तीन मिलिमीटरची गाठ रक्ताच्या खुणेवरून दिसत नाही आणि चिकटणाऱ्या कणाने दिसली असती, तर आपल्या सावधपणाने तिचे काय झाले? न दिलेल्या औषधाचे बळी कोणी मोजत नाही. या प्रश्नाला आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि ते कोणाकडे असेल असे वाटत नाही.

तरीही यातल्या काही दाव्यांची बारीक तपासणी व्हायला हवी. एक कण विरुद्ध एक रेणू अशी तुलना दिपवून टाकते. पण त्या कणात सोन्याचे लाखाहून अधिक अणू असतात, आणि वजनाला वजन लावले की फायदा पार आटतो. डॉक्टर रुग्णाला कणांची संख्या देत नाही, मिलिग्रॅम देतो. लेझरचा झोत थोडा जोरदार झाला की सोन्याची कांडी वितळून गोळी बनते. तिचा शोषणाचा पट्टा दृश्य प्रकाशात, ५२० नॅनोमीटरच्या आसपास सरकतो आणि निअर-इन्फ्रारेडमध्ये ती मुकी होते. कांड्या वाढवताना वापरलेला सीटॅब हा साबणासारखा पदार्थ पेशींना घातक असतो; तो धुऊन काढून त्याजागी दुसरे आवरण चढवता येते, पण प्रत्येक बॅचमध्ये ते सारखेच झाले हे दाखवणे कारखान्याच्या पातळीवर अवघड आहे. उंदीर दोन सेंटिमीटर जाडीचा प्राणी आहे, हेही विसरता कामा नये. त्याच्यात दिसलेला उजेड माणसाच्या पोटात दिसेलच असे नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न कण बाहेर कसा येणार, हा आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कण बाहेर सोडते, हे २००७ मध्ये दाखवले गेले. त्याहून मोठे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून ठेवतात. पेशींना ते पचवता आले नाहीत, तर ते तिथेच महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे, पडून राहतात. चाळीस नॅनोमीटरची कांडी या गाळणीतून जात नाही. सोने निष्क्रिय आहे, संधिवातावर सोन्याची इंजेक्शने दशकानुदशके दिली गेली, आपल्याकडे तर सुवर्णभस्म पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, असा युक्तिवाद इथे ऐकू येतो. त्यात तथ्याचा अंश आहे. पण संधिवाताचे सोने विरघळणारे क्षार होते आणि त्यांचे दुष्परिणाम सांभाळतच ती दिली जात. भस्म तोंडावाटे जाते आणि त्यातले फार थोडे रक्तात पोचते. शिरेतून दिलेला न विरघळणारा कण ही निराळी गोष्ट आहे. तिला या परंपरांचा दाखला लागू पडत नाही.

इतिहासात याचा एक दाखला आहे आणि तो दुखरा आहे. १९३० च्या दशकात थोरोट्रास्ट नावाचे कॉन्ट्रास्ट क्ष-किरण तपासणीत वापरात आले. थोरियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवलेले. चित्र अप्रतिम येई, टोचताना दुखत नसे, लगेच काही त्रासही दिसत नसे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याची पद्धत रुजवणाऱ्या एगास मोनिझ यांच्यासारख्या नामवंतांनी ते वापरले. कण यकृतात आणि प्लीहेत बसले आणि जन्मभर तिथेच राहिले. थोरियम किरणोत्सारी असल्याने वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे दुर्मीळ कर्करोग आणि रक्ताचे आजार उगवले. निष्काळजी डॉक्टरांची ही गोष्ट नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरच्या रुग्णांत अपाय दिसत नव्हता. पुढे एमआरआयच्या गॅडोलिनिअम कॉन्ट्रास्टबाबतही असेच काहीसे, बरेच सौम्य, घडले. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णांमध्ये त्वचा आणि अवयव आक्रसवणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. धातूला सैल धरून ठेवणाऱ्या काही प्रकारांवर युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये बंधने घातली. तेव्हा हे कॉन्ट्रास्ट वापरात येऊन जवळपास तीन दशके झाली होती.

थोरोट्रास्टचे नाव घेऊन प्रत्येक नव्या कणाला गप्प करणे मात्र अन्यायाचे होईल. सोने किरणोत्सारी नाही. पॉलिमरचे काही कण शरीरात तुटून विरघळावेत अशाच बेताने रचले जात आहेत. आणि गॅडोलिनिअमने जेवढे नुकसान केले त्याच्या कित्येक पट माणसांचे निदान वेळेवर केले, हेही तितकेच खरे. तेव्हा इतिहास नव्याला बंदी घाला असे सांगत नाही. चित्राचा दर्जा आणि कणाचा मुक्काम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर यायला जास्त वेळ लागतो, एवढे तो सांगतो.

या दोन्हींच्या मध्ये तिसरा पर्याय आहे, आणि आमच्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य, डॉक्टरांच्या तोंडी आयसीजी, फोटोग्राफीच्या संशोधनातून कोडॅकच्या प्रयोगशाळेत जन्मले आणि १९५९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी मान्य झाले. पंचवीस मिलिग्रॅमच्या बाटलीत गडद हिरवी पूड असते. निर्जंतुक पाण्यात ती विरघळवून सहा तासांच्या आत वापरायची. शिरेत गेल्यावर ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटते, ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिमोग्लोबिनचे दोन प्रकार जिथे सारखे होतात नेमक्या त्याच जागी, प्रकाश शोषते आणि दर तीन-चार मिनिटांनी रक्तातली तिची मात्रा निम्मी होत जाते. यकृत ती उचलते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. डोळ्याच्या पडद्याची तपासणी, यकृताची शस्त्रक्रिया, लसीका ग्रंथींचा शोध अशा कामांत ती साठहून अधिक वर्षे वापरात आहे. गिळलेल्या प्रकाशापैकी थोडाच ती पुन्हा प्रकाश म्हणून सोडते. फ्लुओरेसन्स वापरणाऱ्यांना हा तिचा दोष वाटतो. फोटोअकूस्टिकसाठी तोच गुण आहे, कारण उरलेली ऊर्जा उष्णतेत आणि मग ध्वनीत जाते.

मिथिलीन ब्लू हे दुसरे. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली लसीका ग्रंथी शोधण्यासाठी भारतातले अनेक सर्जन हेच निळे द्रव्य वापरतात, कारण किरणोत्सारी द्रव्य आणि ते मोजणारे यंत्र सगळीकडे नसते. निळी ग्रंथी दिसण्यासाठी आधी छेद घ्यावा लागतो. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये रुग्णांवरच्या अभ्यासात दाखवले की तेच द्रव्य टोचून फोटोअकूस्टिक प्रोबने ती ग्रंथी त्वचेवरूनच शोधता येते. म्हणजे छेद घेण्याआधी सुईने तिचा नमुना काढण्याची शक्यता उघडते. ज्या सर्जनने आयुष्यभर मिथिलीन ब्लू वापरले आहे, त्याला नव्या औषधाची भीती घालवावी लागत नाही. फक्त नवा प्रोब शिकावा लागतो.

या द्रव्यांचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आयसीजी पेशी ओळखत नाही. ती रक्त जिथे नेईल तिथे जाते. काही मिनिटांत ती निघून जाते, म्हणून ट्यूमरमध्ये साचून राहण्याची वाट पाहता येत नाही. लेझरखाली ती विटते. तिच्यात आयोडाइड असल्याने आयोडिनची ॲलर्जी असणाऱ्यांना जपावे लागते. मिथिलीन ब्लू ६६५ नॅनोमीटरच्या आसपास शोषते, आणि तिथे ऑक्सिजन सोडलेले रक्तही बरेच शोषते, त्यामुळे खोलवर ते रक्तातच हरवून जाते. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते देता येत नाही. चिकटणाऱ्या कणांचे वचन मोठे आहे आणि ही जुनी द्रव्ये ते पूर्ण करू शकत नाहीत. हे मान्य करूनच आम्ही पुढचे म्हणतो.

सार्वजनिक पैसा आणि रुग्णांचा वेळ दोन्ही मोजके असताना, माणसांवरच्या चाचण्यांत पहिला हक्क काहीही न टोचणाऱ्या पद्धतींचा आणि आयसीजी-मिथिलीन ब्लूसारख्या परिचित द्रव्यांचा असावा. नव्या कणांवरचे संशोधन थांबवू नये, पण प्रस्तावाचा कस कुठल्या गोष्टीवर लावायचा ते बदलावे. उंदरात ट्यूमर किती उजळला हा आकडा पहिल्या पानावर आणि मोठ्या प्राण्यात तीन महिन्यांनी यकृतात किती टक्के राहिला हा आकडा कुठेच नाही, असे प्रस्ताव पाहिले की काळजी वाटते. दुसरा आकडा आधी मागितला, तर काही सुंदर कण वाटेतच गळतील. त्यांतला एखादा खरोखर उपयोगी असू शकला असता, ही या धोरणाची किंमत आहे.

यामागे आर्थिक बाजूही आहे. कॉन्ट्रास्ट हे कायद्याच्या दृष्टीने औषध आहे. यंत्राची मान्यता त्याला पुरत नाही, नव्या औषधाचा सगळा प्रवास करावा लागतो. उपचाराचे औषध पुन्हा पुन्हा घ्यायचे असते, कॉन्ट्रास्ट निदानापुरते एकदा. तेवढ्या विक्रीत तो खर्च निघणे कठीण. एमआरआयसाठीचे लोहाच्या कणांचे फेरिडेक्स अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले, यकृताच्या गाठी ते चांगले दाखवत असे, तरी २००८ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. ते मान्यतेच्या कसोटीत टिकले, बाजारात टिकले नाही. विरोधी बाजू यावर म्हणेल की म्हणूनच सरकारने नव्या कणांना पाठबळ द्यावे. युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु तेच पाठबळ आयसीजीच्या नव्या उपयोगाच्या चाचणीला दिले, तर कमी पैशांत, कमी वर्षांत उत्तर येते, कारण विषारीपणाचा निम्मा अभ्यास रुग्णांच्या पिढ्यांनी आधीच केलेला आहे.

भारतापुरते दोन मुद्दे वेगळे काढावे लागतील. पहिला त्वचेचा. त्वचेतले रंगद्रव्य मेलॅनिन निअर-इन्फ्रारेडमध्येही प्रकाश शोषते, जरी लांबी वाढेल तसे कमी. सावळ्या त्वचेत झोताचा एक भाग पृष्ठभागावरच गिळला जातो. त्याने खोलवरचे उत्तर क्षीण होते, आणि त्वचेचा स्वतःचा आवाज चित्रावर धुक्यासारखा पसरतो. पल्स ऑक्सिमीटरबाबत काय झाले ते समोर आहे. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरूनही यंत्राने ठीक दाखवल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. ते यंत्र तेव्हा दशकानुदशके वापरात होते. फोटोअकूस्टिकही पल्स ऑक्सिमीटरसारखे त्याच दोन हिमोग्लोबिनांवर उभे आहे. इथे न्यायाने हेही सांगायला हवे की हा मुद्दा आमच्या कलाच्या विरुद्ध जातो. १०६४ ला मेलॅनिन बरेच कमी अडवते, आणि त्या लांबीला मोठ्याने उत्तर देणारे कॉन्ट्रास्ट सावळ्या रुग्णांना अधिक लाभाचे ठरू शकते. काहीही न टोचणाऱ्या पद्धतीच आपल्या रुग्णांत सगळ्यांत कमकुवत ठरल्या, तर दुसऱ्या खिडकीतल्या नव्या कणांचा दावा एकदम बळकट होईल. हे पुस्तके वाचून ठरणार नाही. भारतीय त्वचेच्या सगळ्या छटांवर, खोलीनुसार, मोजून ठरेल. आणि असे मोजमाप कोणत्याही यंत्राच्या खरेदीआधी व्हावे.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच वर्षीच्या नव्या औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीत सामील झालेल्या माणसाला पुढच्या महिन्यात पुरळ उठले, तर हे नियम उपयोगी पडतात. यकृतात बसलेल्या कणाने पंधराव्या वर्षी काही केले तर? तोवर प्रायोजक कंपनी विकली गेलेली असते, रुग्णाने गाव बदललेले असते, केसपेपर रद्दीत गेलेला असतो. युरोपात थोरोट्रास्टच्या रुग्णांचा मागोवा घेता आला, कारण रुग्णालयांनी नोंदी जपल्या होत्या. आपल्याकडच्या नोंदींची अवस्था ज्याने जिल्हा रुग्णालयात जुना कागद मागितला आहे त्याला माहीत आहे.

हे तंत्रच आपल्याला हवे आहे का, असेही काही जण विचारतात. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले; सर्व वयोगट एकत्र धरता घट लहान होती आणि संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. हात आणि लेझर यांत हे भांडण नाही. हाताला गाठ लागल्यावर पुढे काय, तिथे लेझरचे काम सुरू होते. पण पहिली पायरीच नसलेल्या तालुक्यात दुसरीवर किती खर्च करायचा, हा प्रश्न आरोग्यखात्याने टाळू नये.

आमचे मत बदलण्याजोगी गोष्ट कोणती, हेही सांगतो. कर्करोगाच्या पेशीला चिकटणारा, १०६४ नॅनोमीटरला उत्तर देणारा आणि एक तर साडेपाच नॅनोमीटरच्या आतला, नाही तर शरीरात तुटून निघून जाणारा कण मोठ्या प्राण्यात दाखवा. मात्रेचा बहुतांश भाग काही आठवड्यांत लघवी किंवा पित्तावाटे बाहेर आल्याची मोजमापे सोबत द्या. प्रत्येक सहभागीची वीस वर्षांची नोंद ठेवण्याचा खर्च चाचणीच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी, प्रायोजकाच्या हाताबाहेरच्या वेगळ्या खात्यात जमा करा. एवढे झाले तर तो प्रस्ताव आयसीजीच्या रांगेत मागे उभा करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.